काळ्या बशीतला पांढरा ठिपका

घरी अंघोळ घालायला आलेल्या नर्सबाईंनी बाळाच्या डोक्यावरची लोकरीची टोपी काढली, आणि मला आश्चर्य वाटण्याऐवजी ओळख पटली. दाट काळेभोर जावळ, आणि कपाळाच्या बरोबर मधोमध, जिथून केस सुरू होतात तिथे, एक पांढरी बट. करडी नाही, पिंगट नाही. कापसाच्या धाग्यासारखी शुभ्र. तिच्याखाली कपाळावरही नखाएवढा त्रिकोण, भोवतालच्या कातडीपेक्षा उजळ. "बघा, जन्मतःच डोकं पिकलं!" नर्सबाई म्हणाल्या, "फार विचार करते वाटतं ही." लेक हसली, जावई हसला. मी अंघोळीनंतर बाळाला गुंडाळायचा टॉवेल घेऊन उभा होतो. तो हातातून कधी गळून पडला ते मला कळलेच नाही. "बाबा, टॉवेल!" लेक ओरडली. मी वाकून तो उचलला, आणि दुसरा आणायच्या निमित्ताने आतल्या खोलीत जाऊन कपाट उघडून त्याच्यासमोर नुसताच उभा राहिलो. कपाटात टॉवेल होते, घड्या घातलेले, स्वच्छ. मी त्यांच्याकडे बघत होतो आणि मला दिसत होत्या काचेच्या बशा, एकावर एक रचलेल्या, प्रत्येकीत काळ्या बुरशीच्या गोल गोल मखमली वसाहती, आणि त्या सगळ्या काळ्यात कुठेतरी एक पांढरा ठिपका. तो दिसला की माझ्या छातीत धडधडायला लागायचे. त्या काळी ते आनंदाने धडधडायचे, एवढाच काय तो फरक.

लोकांना माझा धंदा समजावून सांगणे मला कधी जमले नाही. कुणी विचारले तर मी "शिकवतो" म्हणून सुटका करून घेत असे. लेकीची आई मात्र पाहुण्यांना बिनदिक्कत सांगायची, "हे बुरशीला ऊन दाखवतात." आता इतक्या वर्षांनी वाटते, तिच्याइतके अचूक मलाही सांगता आले नसते. भिजल्या कांद्याच्या सालीवर येते ती काळी बुरशी आम्ही वाढवायचो, तिचे काजळासारखे बीजाणू पाण्यात मिसळायचो, आणि त्यांच्यावर वेगवेगळे किरण सोडून बघायचो की पुढच्या पिढीत काय बदलते. अतिनील किरणांचा दिवा होता, निळसर, दिसायला अगदी सौम्य. त्याला साधी काचसुद्धा अडवते, म्हणून बशीचे झाकण काढून ठेवावे लागे. त्याचे काम झाले की खोलीत पिवळा मंद दिवा लावून बसायचे, कारण लख्ख उजेड मिळाला तर ते घायाळ बीजाणू स्वतःला दुरुस्त करून घेतात. मला हे फार आवडत असे, हे दुरुस्त होणे. मी कधी कधी काही बशा मुद्दाम खिडकीत ठेवायचो, प्रयोगाच्या नावाखाली. दुसरे क्ष-किरण, ते शेजारच्या विभागातल्या यंत्रावर. आणि तिसरे गॅमा, कोबाल्टचे. विद्यार्थ्यांना मी सांगायचो, पुस्तक समोर आहे असे समजा. अतिनील किरण ओळीतले एखादे अक्षर बदलतात. क्ष आणि गॅमा पानच टरकावतात. बहुतेक बीजाणू मरत. जे जगत त्यांतले बहुतेक पूर्वीसारखेच काळे वाढत. एखादाच पांढरा. या सगळ्याला 'उत्परिवर्तन' असा शब्द आहे. तो उच्चारताना दर वर्षी वर्गातल्या कुणाची तरी जीभ वळायची नाही आणि वर्ग हसायचा. मीही हसायचो. ते हसणे मला त्या कपाटासमोर आठवले आणि अंगावर काटा आला.

बाळाला न्हाऊ-माखू घालून नर्सबाई गेल्या तेव्हा मी लेकीला शक्य तितक्या सहजपणे विचारले, "हे केस... डॉक्टरांनी पाहिलेत ना?" "हो हो. हॉस्पिटलमध्येच. तुम्हाला सांगायचं राहिलं, तिथे सतत टोपीच असायची," ती म्हणाली. बाळ तिच्या मांडीवर होते. "डॉक्टर म्हणाल्या, नुसता रंगाचा भाग आहे. घराण्यात कुणाला असेल तर तिथून आलं, नाहीतर मग हिच्यातच नव्यानं झालं. बाकी पोरगी ठणठणीत आहे. आपल्याकडे तर कुणाला नाही ना?" नाही, मी म्हणालो. आपल्याकडे कुणाला नाही. "यांनी आईंना फोनवर विचारलं, त्यांच्याकडेही कुणाला नाही. मग राहिलं काय, नव्यानं." तिने बाळाची बट बोटाभोवती गुंडाळली. "मला तर आवडते. गर्दीत हरवणार नाही."

नव्याने. हा शब्द घेऊन मी बसने घरी आलो. बसमध्ये पुढच्या बाकांवरच्या लोकांची डोकी दिसत होती, मागून, ओळीने. मी ती बघत बसलो. काळी, करडी, रंगवलेली, टक्कल पडलेली. प्रत्येक डोके आपापल्या जागी निश्चिंत होते. नव्याने म्हणजे कुठून, हा प्रश्न त्या बसमध्ये फक्त मलाच पडलेला असणार, आणि त्याचे एक उत्तर माझ्याकडे लेकीच्या जन्माआधीपासून होते. कोबाल्ट ज्यात असते ते शिशाचे पिंप आमच्याकडे तळघरात होते. नमुन्यांचा खण बटण दाबले की खाली जायचा, किरण घ्यायचा, वर यायचा आणि घंटी वाजायची. एकदा तो वर येताना मध्येच अडकला. घंटी वाजली नाही. मी आणि दुरुस्ती करणारा मेकॅनिक, दोघे त्या पिंपाशी उभे. "साहेब, हा आता येतो की मी पेन्शनीत निघतो?" असे काहीसे तो म्हणाला होता. शेवटी खण आला. कोटावर लावायची एक छोटी फिल्म असे; अंगावर किती किरण पडले ते तिच्यावरून कळे. माझी फिल्म दर महिन्याला कोरी यायची. त्या महिन्याची आली ती ओल लागून खराब झालेली. वाचता येत नाही, असे कळवले होते. तसे त्या पिंपात काही झाले नसणारच. शिसे जाड होते, खण अर्धा आतच होता, मेकॅनिक पुढे खरेच पेन्शनीत निघून मजेत राहिला. पण त्या महिन्यात काय झाले हे कुणालाच ठाऊक नाही, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांनी तिच्या आईने मला सांगितले होते की आपल्याकडे आता तिसरे माणूस येणार.

लेक निरोगी जन्मली. मी तिची बोटे मोजली, कान बघितले, टाळूवरून हात फिरवला. सगळे बाप करतात तेच, फक्त जरा जास्त वेळ. पुढे ती पडली, आजारी पडली, गणितात नापास झाली, प्रत्येक वेळी मनाच्या एका कोपऱ्यात ते पिंप उभे असायचे. मग ती मोठी झाली आणि मी विसरलो, किंवा विसरल्यासारखे केले. आता बसमध्ये माझ्यातला मास्तर म्हणत होता, अरे, तुझे काही असते तर ते आधी लेकीत दिसायला हवे होते. आणि दुसरा कुणीतरी, जो नेहमी मास्तरापेक्षा हळू आवाजात बोलतो आणि नेहमी जिंकतो, तो म्हणत होता, आणि त्या बशा विसरलास? किरण दिलेली वसाहत काळीच वाढायची, तिच्या बीजांची पुढची पिढीही काळीच, आपण ती टाकून द्यायच्या बेतात असायचो आणि मग एके सकाळी तिच्यातच एक पांढरी फाक. एक पिढी लपून राहणे ही काही अशक्य गोष्ट नव्हे. आणि त्याहून वाईट म्हणजे, रंग हा नुसता डोळ्यांना दिसायचा. ज्या वसाहतीचा रंग गेला तिचे आणखी काय काय गेले असेल ते शोधायला आम्हाला महिनेच्या महिने लागायचे. काही पांढऱ्या वसाहती स्वतःला लागणारे एखादे जीवनसत्त्वसुद्धा तयार करू शकत नसत. आम्ही ते वरून घालायचो. बसवाल्याने शेवटचा थांबा आल्याचे दोनदा सांगितले. मला माझा थांबा मागे टाकून बराच वेळ झाला होता.

पुढचे काही दिवस मी लेकीकडे गेलो नाही. खोकला आहे म्हणालो. खोकला नव्हता, पण म्हटल्यावर येऊ लागला. फोनवर लेक म्हणाली, "कमाल आहे. तिकडे आईंना सर्दी, इकडे तुम्हाला खोकला. पोरीचे आजी-आजोबा असे, आणि टोपी ती घालतेय." आई म्हणजे माझ्या विहीणबाई. मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. निवृत्त झाल्या तरी समोर उभे राहिले की आपण गृहपाठ केला नाही असे वाटते. बाळ झाले तेव्हा हॉस्पिटलात सगळ्यांच्या आधी हजर होत्या, पोरीला आधी त्यांनीच हातात घेतले. आणि मग ही सर्दी, बाळाला लागू नये म्हणून लांब. मी घरात पुस्तकांमध्ये बसलो. जुनी पुस्तके काढली, स्वतःची टिपणे लिहिलेली, आणि ज्या पानांवर मला दिलासा मिळेल ती पाने माझ्या हाताने चाळली जात नव्हती. ज्यांत भीती होती तीच उघडत होती. मी माझे हात बघितले. हे हात त्या खणावर होते. आठवडाभर मी असा राहिलो आणि मग मला एक साधी गोष्ट कळली: हे मी एकटा सांभाळू शकत नाही, आणि सांभाळायचा हक्कही मला नाही. पोरगी त्यांची आहे. उद्या डॉक्टरांनी विचारले, काही कारण आठवते का, तर आठवणारा माणूस मी आहे आणि मी खोकत घरी बसलो आहे.

रविवारी दुपारी गेलो. जावयाने दार उघडले. आत विहीणबाई आलेल्या होत्या, खिडकीजवळच्या ताठ खुर्चीत, पदर सावरून, चेहऱ्यावर नेहमीची पावडर, आणि ते केस. त्यांच्या केसांबद्दल आमच्याकडे एक खासगी विनोद होता. लेक म्हणायची, "बाबा, माझ्यापेक्षा आईंचे काळे आहेत. झोपेतसुद्धा रंग लावत असतील." हौशी बाई, असे मी मनाशी ठरवून टाकले होते. "खोकला बरा का?" त्यांनी विचारले. "बरा. सर्दी?" "बरी." आम्ही दोघेही बाळापासून खोलीच्या दोन टोकांना बसलो. बाळ लेकीच्या कुशीत, उघड्या डोक्याने. चहा झाला. जावई क्रिकेटबद्दल काही बोलला, मी हो म्हणालो, ते नाही म्हणायच्या जागी होते. मग मी कप खाली ठेवला आणि म्हणालो, "मला एक सांगायचंय. ही बट आहे ना हिची. ती माझ्यामुळे असू शकते."

माझे बोलणे मला नेहमीच लांबून ऐकू येते. मी तळघर सांगितले, खण सांगितला, ओल लागलेली फिल्म सांगितली. लपून राहणाऱ्या पिढीपर्यंत आलो तेव्हा जावई म्हणाला, "म्हणजे बाबा, अंधारात तुम्ही चमकता की काय?" त्याला वातावरण हलके करायचे होते, चांगला मुलगा आहे. कुणी हसले नाही. लेक माझ्याकडे बघत होती. तिचा हात उचलला गेला आणि बाळाच्या डोक्यावर गेला, अलगद, झाकल्यासारखा. तिने तो माझ्यापासून झाकायला नेला नव्हता, हे मला आज कळते. त्या क्षणी मला वाटले, झाले. आता आयुष्यभर हा हात असाच मध्ये असणार. "तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?" ती म्हणाली, "इतकी वर्षं एकटेच घेऊन बसलात?" मी काहीतरी पुटपुटलो, की डॉक्टरांना सांगू, तपासण्या असतात आजकाल, मी स्वतः बरोबर येईन.

"पुरे," विहीणबाई म्हणाल्या. वर्ग गप्प करायचा आवाज. त्या उठल्या, न्हाणीघरात गेल्या, दार लोटले. नळाचे पाणी वाहिल्याचा आवाज आला, बराच वेळ. जावयाने माझ्याकडे बघून खांदे उडवले. दार उघडले तेव्हा त्यांच्या हातात ओला टॉवेल होता, त्यावर पावडरीचे बदामी डाग, आणि चेहरा धुतलेला. मी त्यांना कधी धुतल्या चेहऱ्याने पाहिले नव्हते. त्या सरळ खिडकीच्या उजेडात जाऊन उभ्या राहिल्या आणि कपाळावरचे केस त्यांनी दोन्ही हातांनी मागे धरले. कपाळाच्या मधोमध, केसांच्या मुळाशी, एक पांढरा त्रिकोण होता. बाळाच्यासारखाच, फक्त मोठा, सुरकुतलेला, आणि त्याला लागून रंगाखालून डोकावणारी केसांची पांढरी मुळे, फक्त तेवढ्याच पट्ट्यात. "आमच्या वडिलांना होतं," त्या म्हणाल्या. "त्यांच्या आत्येला होतं. वडिलांना काही वाटायचं नाही, पुरुषमाणूस. माझ्या लग्नाचं बघायला लागले तेव्हा आईनं रंग आणून दिला. म्हणाली, लोक कोड म्हणतील. तेव्हापासून लावते. याच्या वडिलांनासुद्धा लग्नानंतर कळलं. त्यांनी कधी चारचौघांत काढलं नाही, मीही नाही."

"आई, मी फोनवर विचारलं होतं तुला!" जावई म्हणाला.

"विचारलं होतंस. तोंडातून 'नाही' निघून गेलं. सवयीनं. हॉस्पिटलात पोरगी हातात घेतली आणि टोपी सरकली... मग मला सर्दी झाली." त्यांनी टॉवेलची घडी घालायला सुरुवात केली, ती जमेना. "आणि तुझ्या गुडघ्यावरचा पांढरा डाग. तोही त्यातलाच."

"तो भाजल्याचा आहे. तू लहानपणी माझ्यावर गरम पाणी सांडलं होतंस."

"मी तुझ्यावर कधीच पाणी सांडलेलं नाही. तो जन्मतःच होता. शाळेत पोरं चिडवतील, पुढे तुला मुलगी कोण देईल, म्हणून सगळ्यांना सांगितलं, माझ्या हातून भाजलं."

जावई तोंड उघडे टाकून बघत राहिला. मग त्याने बसल्या जागी पँट गुडघ्यापर्यंत वर ओढली आणि तो स्वतःच्या पायाकडे पहिल्यांदाच दिसल्यासारखा बघू लागला. "म्हणजे," तो म्हणाला, "मी आयुष्यभर तुला माफ करत आलो, त्याचं काय?"

आधी लेकीला हसू फुटले. मग त्याला. विहीणबाईंनी ते हसू दाबायचा प्रयत्न केला आणि त्यांच्या नाकातून एक चमत्कारिक आवाज निघाला, मुख्याध्यापिकेला अजिबात न शोभणारा. मी हसत होतो की काय करत होतो मला ठाऊक नाही. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. गुडघ्यावरचा डाग मला दिसत होता: कडा स्पष्ट, सुरकुती नाही, भाजल्याची एकही खूण नाही. मी त्याला समुद्रकिनारी अर्ध्या विजारीत कितीदा पाहिले होते! आमच्याकडे प्रत्येक प्रयोगात एक बशी बाजूला ठेवलेली असे, तिला कसलेच किरण दिलेले नसत. पांढरे काही दिसले की आधी त्या बशीत बघायचे. तिथेही तेच असेल तर तुमच्या दिव्याचे काही श्रेय नाही, बीजच तसे होते. ही बशी स्वतः बघितल्याशिवाय मी एकाही विद्यार्थ्याचे म्हणणे मानले नाही. पोरे कुरकुरायची, सर संशयी आहेत म्हणायची. आणि इथे, एका फोनवरच्या 'नाही'वर मी आठवडाभर स्वतःला फासावर चढवून ठेवले होते. अर्थात मुख्याध्यापिकेला पुन्हा विचारायची छाती कुणाची होती?

"अहो व्याही," विहीणबाई म्हणाल्या. त्या आता खुर्चीत बसल्या होत्या, पण ताठ नाही. "तुम्ही यातले जाणकार. मला एक सांगा. याच्यामुळे पुढे काही होतं का? पोरीला?"

"तुम्हाला काय झालं?" मी विचारले.

"मला? मला काय होणार. दात सगळे माझे आहेत. जिने चढते. वडील नव्वदीत गेले, तेही झाडावरून पडून."

"नव्वदीत झाडावर काय करत होते?" लेकीने विचारले.

"खाली उतरा म्हणत होतो आम्ही सगळे."

माझ्या आत काहीतरी सैल होत चालले होते, खूप दिवस ताणून धरलेले. ते दुसरे हळू आवाजात बोलणारे माणूस तोंड उघडून बघत होते, पण त्याला आता जागा मिळेना. समोर धडधाकट पुरावा बसला होता, सगळ्या दातांनिशी. "मग पोरीलाही काही होणार नाही," मी म्हणालो. माझा आवाज मला या वेळी जवळून ऐकू आला.

"आणि आमच्या घराण्यात हे आलं कुठून मुळात? आई म्हणायची, कुणाचं तरी काही चुकलं असेल."

मी विचार केला. वर्गात याचे उत्तर मी फळ्यावर लिहून दिले असते. "कुणाचंच नाही," मी म्हणालो. "आम्ही किरण दिले की बदल जास्त व्हायचे, एवढंच. न देताही होतातच. कधीतरी, खूप मागे, तुमच्या कुणा पणजीच्या पणजीत ते एकदा असंच झालं. ना दिवा, ना कोबाल्ट. लिहिताना एक अक्षर इकडचं तिकडे झालं, आणि पुढे सगळ्यांनी तसंच उतरवून घेतलं."

"असंच?"

"असंच."

खिडकीतून खालच्या रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत होते. "असंच," त्या पुन्हा म्हणाल्या, कुणी कपाळावरून हात फिरवावा तितक्या हळुवारपणे. मग लेकीकडे वळून, "आण ती इकडे."

पोरगी आधी त्यांच्याकडे गेली. दोघींची कपाळे एकमेकींजवळ आली तेव्हा जावयाने फोन काढून फोटो घेतला, आणि विहीणबाई "केस ओले आहेत माझे!" म्हणून ओरडल्या. मग ती माझ्याकडे आली. मी अजून तिला घेतलेच नव्हते. हॉस्पिटलात धांदल होती आणि नंतर खोकला. वजन काहीच नव्हते. डोके माझ्या तळहातात मावले, उबदार, टाळू हळूहळू उडत होती. मी अंगठ्याने ती बट कपाळावरून बाजूला केली. इतर केसांसारखीच मऊ. या हातांनी मी काहीही करू शकलो नव्हतो, ना वाईट, ना विशेष काही; आणि आयुष्यात पहिल्यांदा ते मला फार बरे वाटले.

"पण हे बरं नाही," लेक म्हणाली, "बट आईंची, तीही यांच्याकडून आलेली. मग आमच्याकडचं काही आलं की नाही पोरीत? बाबांचं काही?"

विहीणबाईंनी चष्मा लावला, पुढे वाकल्या, वही तपासावी तसे पोरीला एकदा आणि मला एकदा बघितले. "कान," त्या म्हणाल्या. "कान सरळ यांचे. बाहेर आलेले. अळूच्या पानांसारखे."

"बिचारी," जावई म्हणाला.

मी बघितले. होते खरे. माझेच होते, दोन्ही, आणि याबद्दल कुणालाच काही शंका नव्हती.